बालपण जपायचं म्हणजे आधी संध्याकाळच्या भाकरीचं बघायचं

तुम्ही विचारलंय की बालपण म्हणजे नेमकं काय, आणि ते आपण जपायचं कसं. खाली जोडून असंही लिहिलंय, की मोबाइल आणि क्लासेसमुळे मुलांचं निरागस बालपण हरवलं, पूर्वी असं नव्हतं. ते ‘पूर्वी असं नव्हतं’ मला काही पटलं नाही, म्हणून जरा लांबड लावते आहे.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेवर शिक्षिका आहे. गाव ऊसतोडीचं, म्हणजे हंगामात बाहेरगावी ऊस तोडायला जाणाऱ्यांचं. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाचे, म्हणजे मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराचे, ट्रॅक्टर लागतात. कोपीचे, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीचे, बांबू, ताडपत्री, पिठाचे डबे, एखादी शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर लेकरं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, काही टोळ्या थेट कर्नाटकात. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा वर्गातल्या निम्म्या जागा रिकाम्या असतात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं, की मार्च-एप्रिलात ही मुलं परत येतात. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. त्यामुळे बालपण कशाला म्हणायचं हा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी हजेरी घेतानाच पडतो.

आधी निरागसपणाचं सांगते. माझ्या वर्गातल्या तिसरीच्या पोराला उचल म्हणजे काय हे कळतं. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, ती फिटेपर्यंत तोडायचं. खाडा पडला, म्हणजे एक दिवस कामाला गेलं नाही, की पैसे कापतात हेही त्याला ठाऊक असतं. घरावरची किती उचल फिटलेली नाही याचा आकडा तो तोंडपाठ सांगतो. पाढे नाही येत, हा आकडा येतो. आता हे मूल निरागस नाही म्हणून त्याचं बालपण संपलं असं म्हणायचं का?

मधल्या सुट्टीत ही पोरं मुकादम-मुकादम खेळतात. एक जण ओट्यावर मांडी घालून वही घेऊन बसतो, बाकीचे तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, मोळ्या बांधून आणतात. वहीवाला मान वर न करता म्हणतो, “काल कुठं होता? खाडा. पाचशे कापले.” यावर भांडण होतं, आणि एक जण तुराट्या फेकून देऊन म्हणतो, “जा, मी नाही खेळत.” डाव मोडतो. सगळे नळाकडे पळतात. त्याच्या बापाला तिकडे फडात, उसाच्या रानात, ‘जा, मी नाही खेळत’ म्हणता येत नाही. पोराला अजून येतं, आणि माझ्या लेखी बालपण त्या तुराट्या फेकण्यात आहे. त्याला काय काय माहीत आहे, यावरून मी ते ठरवत नाही.

आपण सगळेच लहानपणी कधी ना कधी कच्चा लिंबू होतो. मोठ्यांच्या लपाछपीत लहानग्याला घ्यायचं, पळू द्यायचं, पण तो आउट झाला तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. तो खेळात पूर्ण असतो, नियम बघून शिकतो, पडतो, रडतो, पण त्याची चूक कुणी मोजत नाही. मला बालपणाची याहून बरी व्याख्या सापडलेली नाही. जगाच्या कारभारात मुलाला वावरू द्यायचं, आणि त्याच्या चुकण्याची किंमत काही वर्षं दुसऱ्या कुणीतरी भरायची. दुसऱ्या कुणीतरी, हे महत्त्वाचं. ती किंमत भरणारा माणूस नसला की मूल आठव्या वर्षीच मोठं होतं.

म्हणून मुलांनी काम केलं की बालपण गेलं, असं मी म्हणत नाही. आमच्या गावात राहणारी मुलं रविवारी कापूस वेचायला जातात, शेळ्या राखतात, दळण आणतात. त्यांचं काही बिघडलेलं मला दिसत नाही. शेळी पिकात शिरली तर शिव्या बसतात आणि विषय संपतो. काम शिकणं वेगळं आणि काम अंगावर पडणं वेगळं. चौथीतल्या एका मुलीकडे बघून मला ते उमगलं. ती एप्रिलमध्ये परत आली आणि प्रार्थनेला उभी राहिली की डावी कड बाहेर काढून उभी राहायची. कडेवर कुणी नसायचं. पाच-सहा महिने दिवसभर धाकट्या भावाला त्या कडेवर घेतलं होतं, शरीराला तशीच सवय पडली. शेजारच्या अंगणवाडीत कुणाचंही बाळ रडलं की ही धडा चालू असताना ताडकन उठायची. हातच्याची वजाबाकी विसरली होती, पण बाळाचं रडणं भुकेचं की झोपेचं हे तिला भिंतीपलीकडून कळायचं.

तिच्या आईशी बोलले. आई काही निर्दय नव्हती. म्हणाली, “मॅडम, मी काय हौसेनं नेते का हिला? धाकट्याला फडात कुठं ठेवू? उसात निजवला अन् ट्रॅक्टर मागं आला म्हंजी?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटे चार-पाचला नवरा-बायको फडात जातात, गाडी भरायला कधी रात्रसुद्धा होते. पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यात, साप, आता बऱ्याच भागांत बिबटे. तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे थोरली मुलगी. तीच पाणी भरते, भाकऱ्या थापते, कुत्र्यांपासून कोपी राखते. जरा मोठी झाली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला हाताखाली जाते.

आता यात कायदा कुठे बसतो ते बघा. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही धंद्यात कामाला ठेवायला बंदी आली, मात्र शाळा सांभाळून घरच्या कामात मदत केली तर चालते. आमच्या मुलीला कामाला ठेवलंय कुणी? कारखान्याच्या कागदावर ती नाही. मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यात ती नाही. मजुरी तिला नाही. भाऊ सांभाळणं याला कुठला निरीक्षक बालमजुरी म्हणेल? कायदा मालक शोधत येतो आणि इथे मालकच सापडत नाही. त्या मुलीला मोकळं करायचं तर तिच्या भावासाठी फडाजवळ पाळणाघर लागतं. एका लेकराचं बालपण दुसऱ्या लेकराच्या पाळण्याला बांधलेलं आहे, आणि हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही.

‘पूर्वी असं नव्हतं’ याबद्दल थोडंसं. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुंबईच्या गिरण्यांत ७ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली. म्हणजे त्याआधी तीही कामाला असत. ७ ते १२ वयाच्या मुलांकडून दिवसाला ९ तास काम घ्यायला कायद्याची परवानगी होती. नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी झगडले त्याच काळात, १८९१ मध्ये, ही किमान मर्यादा ९ वर्षांवर गेली. मुलींचं तर लग्नच बालपणी व्हायचं. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मांडलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये ते करून दाखवलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. देशभराचा ६ ते १४ वयाचा शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. फुल्यांच्या मागणीपासून सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. निरागस बालपणाच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या घरी त्या वर्षांचा खर्च कुणीतरी सोसलेला होता, एवढंच.

मग जपायचं कसं? आमच्याकडे जे थोडंफार जमलं त्याचं नाव हंगामी वसतिगृह. नाव ऐकून इमारत डोळ्यांपुढे आणू नका, तशी ती नसते. आई-बाप तोडीला जातात, मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहतं, आणि शाळा त्याला सकाळ-संध्याकाळ जेवू घालते. दुपारी पोषण आहार असतोच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्ही घरोघरी जाऊन कोण जाणार, कोणाची मुलं मागे राहू शकतात याची यादी करतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होतो, गावातल्याच बाया स्वयंपाकाला लागतात. अनुदान बहुधा मागाहून येतं, तोवर किराणा उधारीवर. दुकानदार भला असला तर डाळ घट्ट असते.

यादी करायला गेलं की पालक आम्हाला गुणवत्ता, डिजिटल वर्ग, इंग्रजी यातलं काहीच विचारत नाहीत. एकच विचारतात, “रातच्याला जेवायला मिळंल का?” सुरुवातीला मला हे मनाला लागायचं, इतकं शिकवतो आणि यांना भाकरीचं पडलंय. मग घरं पाहिली. तिघं मुलगे तोडीला गेलेले, त्यांची सहा-सात पोरं एका आजीच्या पदरात. तिला धड दिसत नाही, चुलीपुढे बसवत नाही. ती दिवसा सांभाळेल, रात्री पोटाशी घेऊन झोपेल, पण एवढ्यांचं रांधणं तिच्याच्याने होत नाही. म्हणजे मुलगी फडात जाणार की शाळेत राहणार हे संध्याकाळच्या सातच्या भाकरीवर ठरतं. दोन वेळची सोय पक्की झाली की आई पोरीला ठेवून जायला तयार होते, कारण पोर उपाशी राहणार नाही ही खात्री असते. जाताना रडते, पण ठेवते.

या रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास मला फार आवडतो. पोरं व्हरांड्यात हात धुऊन मोकळी झालेली असतात. अभ्यास नको, आवाज कमी करा, एवढंच आम्ही सांगतो आणि दुसरंही कुणी ऐकत नाही. आज्या बॅटरी घेऊन फाटकाशी बसलेल्या असतात, त्यांना घाई नसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, जो भारताने १९९२ मध्ये मान्य केला, ३१ वं कलम विश्रांतीचं आणि खेळण्याचं आहे. हक्कांच्या यादीत खेळ घालणाऱ्या माणसाने लहान मुलं जवळून पाहिली असावीत.

दुसरा मार्ग म्हणजे शाळा मुलांच्या मागे नेणं. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुलं गुरांमागे जायची, म्हणून शाळाच कुरणावर गेली. त्याच जातीची गोष्ट म्हणजे कारखान्याच्या तळावरची साखरशाळा. शिक्षण हक्क कायद्यानंतर या मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच बसावं असं धोरण आलं आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व बरोबर आहे. पण नियमित शाळा फडापासून दोन-तीन किलोमीटर, वाटेवर उसाचे ट्रॅक्टर, कोपी कधी हलेल याचा भरवसा नाही, आणि कडेवर भाऊ. आम्ही जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतो, ते दाखवून तिथल्या शाळेत बसता येतं. बरीच कार्डं कोऱ्या पाठीनिशी परत येतात. मी काही त्या गावच्या शिक्षकांना दोष देत नाही. त्यांना ही मुलं आली आहेत हे कळायलाच अर्धा हंगाम जातो.

मुलगी बारा-तेराची झाली की गणित बदलतं. तिला मागे ठेवायची आजीला भीती, कोपीवर न्यायची आईला भीती. कोपीला दार नसतं, संडास नसतो, अंघोळ पहाटे अंधारात. मग लग्न. शिवाय जोडी झाली की नवा कोयता होतो, कोयत्यावर उचल मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होत्या, बीड जिल्ह्यात ४३ टक्क्यांहून जास्त. या आकड्यांवर शहरातले लोक ‘अशिक्षितपणा’ म्हणून मोकळे होतात. मला त्यात जास्त करून दार नसलेली कोपी दिसते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली, त्यातली काही भाड्याच्या जागेत सुरू झाली. जिथे मुलींचं वसतिगृह नीट चालतं तिथे आई-बापांना लग्नाची घाई कमी होते, हे मी माझ्या ओळखीच्या घरांत पाहिलंय. समुपदेशनाची पत्रकं वाटून हा फरक पडलेला मात्र पाहिला नाही.

राहिला तुमचा मोबाइल. तो आमच्याकडेही आहे, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल त्यावरच येतो, त्यामुळे मी त्याला सरसकट शिव्या देणार नाही. रीलवर पोरं तासन् तास जातात, ते वाईटच. पण शहरातल्या मुलांबाबत मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. सहावीपासून फाउंडेशनचे क्लास, मग प्रवेश परीक्षांच्या तयारीला लातूर नाही तर कोटा. आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही, पाचवीतल्या हुशार पोराला नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या सरावात असं पिळतो की विचारू नका. यात त्या पोराची प्रत्येक चूक मोजली जाते, मार्कांत, घरी फोनवर, नातेवाइकांत. दहा वर्षांच्या मुलावर पुऱ्या घराचं राज्य आलेलं असतं. फडातल्या मुलीचं आणि या मुलाचं दुःख एकाच मापाचं आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. पण तुमच्या घरच्या मुलाबद्दल विचारत असाल तर त्याच्या दिवसात असा एक तास आहे का, की ज्यात तो हरला, आळसावला, अर्ध्यात सोडून उठला तरी कुणाचं काही बिघडत नाही? नसेल तर क्लास एक कमी करा. मोबाइल त्यानंतर बघू.

आणि तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात राहत असाल तर तुमच्या हातात आमच्यापेक्षा जास्त आहे. नोव्हेंबरात माळावर कोप्या उभ्या राहिल्या की जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगा, इतकी मुलं आली आहेत. वर्षात केव्हाही, दाखला नसला, जन्माचा पुरावा नसला तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, तो कायदा आहे. मूल संकटात दिसलं तर १०९८ हा फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत. लहान मुलीच्या लग्नाची कुणकुण लागली तर गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला हळद लागायच्या आधी कळवा. अक्षता पडल्यावर फक्त गुन्हा दाखल होतो, पोरगी सासरीच जाते. जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन फोटो काढायला मात्र कोप्यांवर जाऊ नका.

तुमच्या घरात कुणी सहकारी कारखान्याचे सभासद असतील तर सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा होते. तिथे ऊसदर, एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर), डिस्टिलरी यांवर तासभर खडाजंगी चालते. त्यातली दोन मिनिटं मागून घ्यायला सांगा आणि विचारायला सांगा, यंदा आपल्या तळावर पाळणाघरं किती, आणि ती सांभाळणाऱ्या बायांचा पाच महिन्यांचा पगार कोणत्या खात्यातून निघणार.